बुडबुडे आप्पा

आप्पांचा हात आधी चालायचा आणि तोंड मागाहून. बाकीची माणसं रागावली की आधी बडबडतात, आईमाईचा उद्धार करतात आणि मग जमलंच तर अंगावर येतात. आप्पांचं उलटं होतं. कानाखाली आवाज निघायचा, समोरचा गाल चोळत उभा राहायचा, आणि मग आप्पा त्याला शांतपणे, मुद्देसूद समजावून सांगायचे की ही का बसली. ते समजावणं इतकं पटणारं असायचं की मार खाल्लेला माणूस शेवटी मान डोलवायचा. मीही डोलवलेली आहे. माझ्या उजव्या तळव्यावर काचेचा वण आहे, तोही त्यांचाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बीएस्सी करून मी नगर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये चिकटलो होतो. कंपनीचं सांडपाणी साफ करायचा एक प्लँट मागच्या कुंपणाला होता, त्याला सगळे ईटीपी म्हणायचे. तिथे शिक्षा झालेली माणसं टाकतात असा समज होता, कारण तिथला वास कपड्यांतून आठवडाभर जात नसे. आप्पा त्या ईटीपीचे ऑपरेटर. आमच्याच गावचे, शिरूर तालुक्याच्या टोकाला भीमेच्या काठावर आमचं गाव आहे तिथले. ते बौद्धवस्तीतले, मी गावठाणातला. गावात आमचं बोलणं कधी झालं नव्हतं. कंपनीत झालं, आणि पहिलंच बोलणं थपडेनं सुरू झालं.

झालं असं, की तपासणीचे साहेब येणार होते. माझ्या वरच्या केमिस्टनं माझ्या हातात काचेची बाटली दिली आणि म्हणाला, बागेच्या नळावर भरून आण, वर ईटीपी आउटलेट अशी चिठ्ठी लाव. मी नवा होतो, मला वाटलं अशीच पद्धत असेल. मी बाटली भरत असताना मागून हातावर फटका बसला. बाटली नळाच्या कट्ट्यावर फुटली, काच तळव्यात घुसली, आणि मी वळून बघेपर्यंत दुसरी गालावर बसली. मग आप्पांनी माझी गचांडी धरून मला आउटलेटपर्यंत, म्हणजे ईटीपीचं पाणी बाहेर पडतं त्या पाइपापर्यंत, ओढत नेलं, स्वतःच्या डोक्याचं फडकं काढून माझा हात बांधला आणि माझी मान पाइपाच्या तोंडाशी वाकवली.

"वास घे," ते म्हणाले. "घेतलास? हे पानी कुठं जातंय? वढ्याला. वढा कुठं जातोय? नदीला. आन् नदी कुठं जाती रं? तुझी आई जिथं धुनं धुती तिथं. साहेबाला नळाचं दाखव, आन् आईला हे पाज."

मी मान डोलवली. त्या दिवशी मी आउटलेटचाच नमुना भरला आणि वरच्या केमिस्टच्या शिव्या खाल्ल्या. शिव्यांनी रक्त येत नाही, एवढं मला तोवर कळलं होतं.

बुडबुडे आप्पा हे नाव त्यांना कंपनीत पडलं. ईटीपीत एक मोठा हौद असतो. त्याच्या तळाशी नळ्या टाकून हवा सोडतात. त्या हवेवर जगणारे जंतू पाण्यातली घाण खातात. आप्पा त्या जंतूंना 'माझी जनावरं' म्हणायचे. सकाळी आल्यावर हौदाच्या कठड्यावर उकिडवे बसून ते बुडबुडे बघत राहायचे. बुडबुडा मोठा येतोय की बारका, भराभर येतोय की आचके देत, यावरून त्यांना कुठली नळी तुंबलीय ते कळायचं. नळी तुंबली असली की पाइपावर असा हाणायचे की शेजारच्या शेडमधली माणसं दचकायची.

"मोठा बुडबुडा म्हंजी पुढारी," ते मला सांगायचे. "डबाडबा वर येतो, फुटतो, ग्येला. जनावरांच्या तोंडाला काय लागत न्हाई. बारका बुडबुडा पान्यात ऱ्हातो. रेंगाळतो. त्योच खरा कामाचा."

पुढे केव्हातरी एक इंजिनिअर कंपनीत आला, यंत्र विकायला. बरोबर काचेची मोठी बरणी आणि एक गुरगुरणारा डबा. म्हणाला, हे नॅनो बबल, परदेशात यानं नाले आणि तळी साफ करतात. त्यानं बटण दाबलं आणि बरणीतलं पाणी बघता बघता दुधासारखं पांढरंफेक झालं. डबा बंद केल्यावर ते पांढरं तळाकडून विरत विरत वर गेलं आणि पाणी परत आरशासारखं नितळ झालं. मग त्यानं किल्लीच्या जुडग्याला असते तसली लाल लेझरची बत्ती त्या नितळ पाण्यात मारली. पाण्यात सरळ लाल रेघ उमटली. साध्या पाण्याच्या ग्लासात मारली, तिथे रेघ नाही. म्हणाला, जे बुडबुडे दिसत होते ते गेले, न दिसणारे आत राहिलेत, कित्येक दिवस राहतील, रेघ त्यांच्यामुळे दिसतेय. मॅनेजरनं किंमत ऐकली आणि चहा मागवला. यंत्र काही घेतलं नाही. आप्पा मात्र त्या बरणीपाशी तासभर उभे होते. पुढच्या आठवडी बाजारात त्यांनी शिरूरहून तसली बत्ती आणली आणि दिसेल त्या पाण्यात मारत सुटले.

त्यांची नोकरी गेली ती त्या जनावरांपायी. रविवारी कंपनी बंद असे. एका सुपरवायझरनं वीज वाचवायची म्हणून शनिवारी संध्याकाळी हौदात हवा सोडणारा ब्लोअर बंद केला तो सोमवारी सकाळी चालू केला. दीड दिवस हौदाला हवा नव्हती. आप्पा सोमवारी आले तेव्हा हौदातला तपकिरी गाळ काळा पडला होता आणि त्यावर फुगे धरून घाण तरंगत होती. मी तिथेच होतो. त्यांनी हातात थोडं पाणी घेऊन हुंगलं. मग ते काही न बोलता उठले, सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेले आणि त्याचं तोंड टेबलाच्या काचेवर दोनदा आपटलं. त्याचे पुढचे दात तुटले. ओठ फाटून शर्ट लाल झाला. आप्पा त्याला हलवत विचारत होते, "कोंडून मारलीस की रं! मुकी जनावरं कोंडून मारलीस!" त्या बिचाऱ्याला कुठली जनावरं ते कळेना.

मग चार सिक्युरिटीवाले आले. त्यांनी आप्पांना ईटीपीच्या मागे नेलं, आणि जे सुपरवायझरचं झालं त्याच्या चौपट आप्पांचं झालं. ते गेटातून बाहेर पडले तेव्हा एक डोळा मिटला होता आणि ते एका पायावर भार देत चालत होते. मी त्यांना मोटारसायकलवर बसवून गावी आणलं. वाटेत ते एकदाच बोलले. "नवीन जनावरं वाढवायला शेन लागतंय. ताजं. त्या भाड्याला सांग उद्या." मी हसलो नाही, कारण ते चेष्टा करत नव्हते.

आता गावच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या वरच्या अंगाला मुळामुठा भीमेला येऊन मिळते आणि येताना शहराचं सगळं पोटातलं घेऊन येते. माझ्या लहानपणी आम्ही नदीचं पाणी ओंजळीनं पीत होतो. मी नोकरीला लागेस्तोवर ती उन्हाळ्यात काळी पडायला लागली होती. जलपर्णीखाली मासे पोट वर करून यायचे. काठावरच्या विहिरीवर गावची नळयोजना होती, त्या विहिरीतही झिरपून तोच वास यायला लागला. नळाला पाणी होतं, पण तोंडात घेतलं की ओकारी यायची. कावीळ दर घरात. मग पंचायतीनं टँकर मागवला, आणि टँकरनं आमच्या गावात जी मारामारी आणली ती त्याआधी कुठल्या निवडणुकीनंही आणली नव्हती.

टँकर आला की शंभर हंडे एकदम धावायचे. बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. एकदा नळीवरून दोघा सख्ख्या भावांत कोयता निघाला, एकाचं बोट तुटून हंड्यात पडलं, आणि मागच्या बाईनं ते पाणी फेकून देऊन तोच हंडा परत लावला. टँकर गावठाणात थांबायचा. वस्तीतल्या बायकांची पाळी शेवटी, म्हणजे बहुधा यायचीच नाही. एका दुपारी आप्पांच्या बायकोनं, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, नळी धरली आणि सोडली नाही. कुणीतरी भरलेला स्टीलचा हंडा उचलून त्यांच्या तोंडावर घातला. काठ डाव्या डोळ्यात बसला. डोळा गेला.

आप्पा धावत आले तेव्हा मला वाटलं, आज गावात मुडदा पडणार. हातात पाना होता. आक्का जमिनीवर बसून पदरानं डोळा दाबत होत्या आणि पदरातून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. भोवती पन्नास माणसं, बहुतेक बायाच, सगळ्यांच्या कडेवर रिकामे हंडे. आप्पांनी हात वर उचलला. सगळ्यांकडे एकदा बघितलं. तो हात तसाच राहिला आणि मग खाली आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड हाताच्या आधी चाललं असेल.

"कुनाला मारू?" ते म्हणाले. "सांगा की. कुनाला मारू?"

 त्यानंतर आप्पांनी एकच गोष्ट डोक्यात घेतली. विहिरीचं पाणी पिण्यासारखं करायचं, म्हणजे टँकर बंद होईल, म्हणजे नळी धरून कुणाचा डोळा जाणार नाही. दुसरं काही त्यांच्या बोलण्यात नसायचं.

यंत्र त्यांनी जे मिळेल त्यातून बनवलं. दौंडच्या भंगारातून ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी आणली, कारण तिला दाब सोसतो. भांडगावला हायवेवर एक केरळी पंक्चरवाला होता, त्याच्याकडून जुना कॉम्प्रेसर आणला. विजेचा भरवसा नव्हता म्हणून डिझेलचं इंजिन घेतलं. एकाच इंजिनावर पाण्याचा पंप आणि कॉम्प्रेसर, दोन्ही चालायचे. पाणी आणि हवा टाकीत दाबानं कोंडायची आणि बारीक भोकाच्या तोटीतून हौदात सोडायची. कोंडलेली हवा सुटताना तिचे इतके बारीक बुडबुडे व्हायचे की पाणी पांढरं व्हायचं. घाण त्या बुडबुड्यांना चिकटून साईसारखी वर यायची, ती आप्पा फळीनं ओढून काढायचे. टाकीत दाब वाढला तर सोडायला वर एक स्प्रिंगची दांडी होती. ती आपोआप उघडायला हवी होती, पण जुनी असल्यानं अडकायची. मग हातानं दाबून धरावी लागे.

वस्तीतल्या गुरांच्या हौदावर त्यांनी आधी करून बघितलं. मी सुट्टीच्या दिवशी जायचो, लॅबमधली ऑक्सिजन मोजायची रसायनं घेऊन. पाण्याचा वास पहिल्याच दिवशी गेला. त्यांचे ते बुडबुडे खरोखर नॅनो होते की नुसतेच बारीक, हे मला आजही सांगता यायचं नाही. आप्पा संध्याकाळी नितळ पाण्यात लाल बत्ती मारायचे, रेघ दिसायची, आणि ते मला कोपरानं ढोसायचे. "दिसत न्हाई म्हंजी न्हाई, असं न्हाई रं." पण भाबडे नव्हते. वास आणि घाण गेली तरी जंतू मारायला टीसीएल पावडर टाकावीच लागते, हे तेच मला बजावायचे. पहिला घोट आक्कांनी घेतला. एका डोळ्यानं त्या पेल्यात बराच वेळ बघत होत्या.

ग्रामसभेत विहिरीचं पाणी पडायचं त्या गावठाणाच्या हौदावर यंत्र बसवायचा विषय निघाला तेव्हा कुरकुर झाली. "वस्तीतला माणूस आपल्या हौदात काय सोडणार?" असं एकानं विचारलं. आप्पा म्हणाले, "हवा." सगळे हसले. शेवटी पुढच्या महिन्यात टँकर येणार नाही हे कळल्यावर मंजुरी मिळाली.

त्या सकाळी दहाच्या सुमाराला आप्पांनी इंजिन चालू केलं. मी हौदाच्या कठड्यावर बाटल्या मांडत होतो. हौदातलं काळपट पाणी तोटीजवळ पांढरं व्हायला लागलं, आणि बघता बघता सगळा हौद दुधाचा झाला. नेमका त्याच वेळी नदीकडून माझा चुलतभाऊ सोपान आला. त्याच्या दोन दुभत्या म्हशी त्या सकाळी नदीचं पाणी पिऊन काठावरच पडल्या होत्या, तोंडाला फेस येऊन, पाय ताठ करून. त्याच्यामागे वीसपंचवीस माणसं होती, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या खोरं. ती माणसं नदीवर कुणाला तरी शोधत होती आणि कुणी सापडत नव्हतं.

त्यांनी हौदात बघितलं आणि ती जागच्या जागी थिजली.

शहरातल्या माणसाला हे कळणार नाही. आमच्याकडे प्रत्येकानं जन्मभर फवारणी केलेली आहे. पंपाच्या टाकीत पाणी घ्यायचं, टोपणभर औषध ओतायचं, आणि पाणी झटक्यात दुधासारखं पांढरं होतं. पांढरं पाणी म्हणजे विष, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. गावातल्या तीनचार घरांत तसं पांढरं पाणी पिऊन माणसं गेलेली होती.

"औषध टाकलं!" कुणीतरी ओरडलं. "हौदात औषध टाकलं! म्हशीबी ह्येनंच मारल्या!" मग त्या ओरडण्यात वस्तीचं नाव आलं, जातीचं आलं, आक्कांच्या डोळ्याचा सूड आला. एकानं धावत जाऊन तोटीत चिंध्या कोंबल्या, विष थांबवायला.

सोपाननं माझा दंड धरला. "तू केमिष्ट हायस. तू सांग. औषध हाय का न्हाई ह्यात?"

मला माहीत होतं. त्या पाण्यात हवेखेरीज काही नव्हतं, हे त्या गावात आप्पांनंतर फक्त मला माहीत होतं. पण भोवती माझीच भावकी उभी होती, सगळ्यांच्या डोळ्यांत रक्त. मी लॅबमधल्यासारखं बोललो.

"तपासल्याशिवाय सांगता यायचं नाही," मी म्हणालो.

सोपाननं माझा दंड सोडला आणि पहिली काठी आप्पांच्या पाठीत घातली.

मला वाटलं, आता आप्पा वळतील. त्यांना मी ओळखत होतो, ते चारपाच जणांना लोळवूनच पडले असते. ते वळले नाहीत. दोन्ही हातांनी टाकीवरची दांडी दाबून धरून तसेच उभे राहिले. काठ्या पाठीवर, खांद्यांवर, डोक्यावर पडत होत्या. खोऱ्याचा दांडा बरगडीत बसला तेव्हा लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. ते काहीतरी ओरडत होते, पण इंजिनाच्या फडफडाटात ऐकू येत नव्हतं. "इष कालवतोय आजून! सोडव त्येचा हात!" असं म्हणत लोकांनी त्या हातांवरच काठ्या घालायला सुरुवात केली. डाव्या हाताची बोटं फुटली. कातडी निघून हाडं पांढरी दिसायला लागली. उजवा हात निसटला. डावा त्या फुटलेल्या बोटांनिशी दांडीवर तसाच होता.

तेव्हा माझी नजर टाकीच्या दाबाच्या काट्यावर गेली. काटा लाल रेषेच्या पार गेला होता. तोटी चिंध्यांनी बंद, इंजिन चालू, आणि टाकीत हवा कोंडत चाललेली. ती दांडी सुटली असती तर टाकी फुटली असती, आणि तिच्या पत्र्यानं सगळ्यात आधी तिला खेटून काठ्या घालणारी माणसं चिरली असती. आता मला कळलं, आप्पा इंजिन बंद करा म्हणून ओरडत होते. ज्यांचे प्राण वाचवत होते त्यांच्याच काठ्या खात ओरडत होते.

मी गर्दीतून घुसलो. मलाही दोन बसल्या. मी इंजिन बंद केलं.

एकदम शांतता झाली. दांडीतून हवा फुसफुसत सुटत होती तेवढाच आवाज. आप्पा गुडघ्यांवर आले, मग कठड्याला टेकून बसले. आणि हौदातलं पांढरं तळाकडून विरायला लागलं. आधी तळाचा गाळ दिसला, मग भिंतीचं शेवाळ, मग वरपर्यंत सगळं नितळ झालं.  सोपाननं हातातली काठी कुठे ठेवावी ते कळत नसल्यासारखी दोनदा हात बदलून धरली. एकजण मान खाली घालून निघून गेला, मग दुसरा. आप्पांना ट्रॅक्टरमध्ये घालायला वस्तीतली माणसं धावत आली तेव्हा गावठाणातला मी एकटाच उरलो होतो.

पुलावरून पलीकडे दौंडच्या दवाखान्यात नेलं. सहा बरगड्या मोडल्या होत्या, एक फुप्फुसात गेली होती. डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. चौथ्या दिवशी मला आत सोडलं. मी रडत होतो. आप्पांनी मला रडू दिलं आणि मग विचारलं, "तपासलंस का मग?"

तपासलं होतं. त्याच दुपारी.

"काय निघालं?"

"हवा. वास गेला होता आप्पा. पाणी चांगलं होतं."

"आसं," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

आप्पा क्षमा करणारे संत वगैरे नव्हते. पोलिसांना त्यांनी एकेक करून सगळी नावं सांगितली, बापाच्या नावासकट. केस झाली, सोपान आणि इतर काही जण आत जाऊन आले. माझं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तू कुठं मारलंस?" त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. अजूनही वाटतं.

पाच महिन्यांनी ते हौदावर आले. गावात टँकरची मारामारी परत सुरू झाली होती आणि सरपंच तीनदा वस्तीत जाऊन हात जोडून आला होता. आप्पांनी नवी टाकी आणली, नवी दांडी बसवली, आणि सगळ्या गावाला बोलवायला सांगितलं. जामिनावर सुटलेला सोपानही आला. आप्पांनी इंजिन चालू केलं. हौद पांढरा झाला. मग त्यांनी मला कठड्यावर उभं केलं आणि सोपानला म्हणाले, "इचार. त्या दिशी इचारलंस त्येच इचार."

सोपान जमिनीकडे बघत पुटपुटला, "औषध हाय का ह्यात?"

"नाही," मी म्हणालो. "हवा आहे."

"तपासलंस का आज?" आप्पांनी विचारलं.

"नाही तपासलं. तपासायची गरज नाही. मला त्या दिवशीही माहीत होतं. माहीत असून मी बोललो नाही." मी हे सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. माझी आई त्या बायकांत उभी होती.

आप्पा कठड्याला टेकून दम घेत होते. त्यांना तेव्हा चार वाक्यं सलग बोलता येत नव्हती.

"येवढंच बोलायचं हुतं की रं," ते म्हणाले. "दोनच तर शब्द हुते."

दुसऱ्या उन्हाळ्यात ते गेले. त्या फुप्फुसानं परत धड श्वास धरलाच नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पाण्याला हवा पुरवली त्याला शेवटी ती स्वतःला पुरली नाही, आणि त्यात माझा वाटा आहे हे मी कुणापासून लपवत नाही. यंत्र पुढे बरीच वर्षं चाललं. टँकर बंद झाला. सकाळी ते चालू करायचं काम मी मागून घेतलं. हौदावर कुणाचा पाहुणा, नवी सून, फवारणी करून आलेला मजूर असा कुणी आला आणि पांढऱ्या पाण्याकडे बघून थबकला, की तो विचारायची मी वाट बघत नाही. आधीच मोठ्यानं सांगतो, हवा आहे.